बापूसाहेबांची चूळ

माझ्या भाच्याचं परभणीला छोटं हॉटेल आहे. मागच्या महिन्यात गेलो तर हा तोंड पाडून बसलेला. म्हणाला, "मामा, मोबाईलवर कुणीतरी लिहिलंय, भाजीत झुरळ निघालं म्हणून. एकच स्टार दिला. त्याचं बघून आणखी लोकांनी तेच लिहिलं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय."

"हे लोक जेवायला आले होते का?" मी विचारलं.

"कशाचे येतात! यातला एकबी माणूस मला म्हाईत न्हाई."

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा आला. भाच्यानंच बोलावून घेतलेला. म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. आमची माणसं हायती, धडाधड चांगलं लिहून टाकतील. वाईट सगळं खाली जातं."

"ती माणसं येऊन जेवणार का आधी?"

पोरगा माझ्याकडं बघून हसला. "जेवायची काय गरज आहे?"

थू! असं अगदी तोंडातून निघून गेलं माझ्या. त्या पोराला वाटलं त्यालाच म्हणालो. थोडं त्यालाही असेल. पण मला खरं म्हणजे बापूसाहेब आठवले होते.

हा माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बरं, नाही बोलत. पण मग चांगलं काय बोलावं ते तरी कुणीतरी सांगा. मी चांगला विचार करून बसलोय आणि मला काही सापडत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. ताडकळसपासून जवळ आहे, मोठा आठवडी बाजार भरतो, एवढं पुरे. नाव घेतलं तर आजही चार जण भांडायला येतील आणि आता माझ्यात पळायची ताकद नाही. त्या गावच्या एसटी स्टँडला लागून माझं टेलरिंगचं दुकान होतं. मशीन दारातच, त्यामुळं रस्त्यावरचं सगळं दिसायचं. नको तेही दिसायचं.

बापूसाहेब म्हणजे पाटलाच्या भावकीतले. बेताची उंची, पोट पुढं, धोतर पांढरंशुभ्र आणि अंगात बंद गळ्याचा कोट. कोट मीच शिवायचो. माप घेताना श्वास रोखून पोट आत ओढायचे, आणि मग कोट घट्ट झाला की, "टेलर, तुमचा हात बिघडायलाय." हातात हमेशा पितळी तांब्या, घरच्या पाण्यानं भरलेला. हा तांब्या पिण्यासाठी नव्हता. चूळ भरण्यासाठी होता.

आता ही चूळ काय प्रकरण होतं ते नीट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. बाजाराच्या दिवशी बापूसाहेब खाण्याच्या पालांवरून फिरायचे. जिलबी, शेव, चिवडा, भजे, जे समोर येईल त्यातला एक घास उचलायचे. आधी हुंगायचे, मग डोळे मिटून चावायचे. आजूबाजूची माणसं थांबून बघत. गिळलं आणि "चाललंय" म्हणाले की त्या पालावर गर्दी उसळायची. पण घास आवडला नाही तर ते एक शब्द बोलत नसत. तांब्या वर करत, तोंडात पाणी घेत, गाल फुगवून खळाखळा वाजवत आणि भर रस्त्यात लांब पिचकारी टाकत. संपलं. त्या पालावर त्या दिवशी माशी बसत नसे. आसपासच्या गावांहून आलेल्या बायासुद्धा एकमेकींना सांगायच्या, "तिथं नको गं, तिथं बापूसाहेबांनी चूळ टाकली."

मी उजेडात मशीनवर बसलेलो असायचो आणि ती पिचकारी बरोबर माझ्या डोळ्यांसमोरून जायची. त्यात शेवेचे तुकडे दिसायचे. शी! आजही कुणी जेवून उठल्यावर चूळ भरली की मी दुसरीकडं बघतो. घरात बायको वैतागते, पण माझा इलाज नाही.

हा अधिकार त्यांना दिला कुणी? कुणीच नाही. निजामाच्या काळात त्यांचे वडील कुण्या तहसीलदाराच्या दौऱ्यात जेवण आधी चाखून द्यायचे म्हणे. जेवणात कुणी विष घातलं तर पहिलं मरायचं, एवढंच ते काम. पण पोरानं त्याची केवढी शान करून ठेवली! "आपली जुबान म्हणजे सरकारी शिक्का," असं म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत आचारी पहिली वाटी त्यांच्याकडं आणायचा. बापूसाहेबांनी गिळल्याशिवाय पंगत हात धुवून नुसती बसून राहायची. लहान लेकरं भुकेनं रडायची आणि हे डोळे मिटून वरण चाखायचे.

एका जिलबीवाल्यावर त्यांनी लागोपाठ दोन बाजार चूळ टाकली. बिचाऱ्याची जिलबी चांगली होती, मी स्वतः खायचो. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जिलबीवाला डोक्यावर केवढी तरी पाटी घेऊन बापूसाहेबांच्या घराकडं गेला. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी गिळली, वर ढेकर दिला. मी कोटाची बटणं लावताना सहज विचारलं, "बापूसाहेब, दोन बाजारात जिलबी एवढी सुधारली?" तर म्हणतात, "माणसाला शिकवावं लागतं, टेलर. आपण पैशाला हात लावणारे न्हाई." खरंच, पैशाला हात कधी लावला नाही. जिलबीला, तुपाला, कोंबडीला लावला.

दुसरी बाजूही होती. एका हॉटेलवाल्याकडचं खाऊन वऱ्हाडाला जुलाब लागले, बोभाटा झाला. तो आला धावत बापूसाहेबांकडं, "आमचं नाव तेवढं वर काढा." याच्या हॉटेलात मग बापूसाहेब दर बाजारी खुर्ची टाकून बसले. रस्त्याकडं तोंड करून वडे खायचे, मोठमोठ्यानं "वा" म्हणायचे. चार बाजारांत लोक जुलाब विसरले. आजार लावणारेही तेच आणि उतरवणारेही तेच. आणि लोक! लोकांना हे सगळं कळत होतं बरं का. जिलबीची पाटी सगळ्यांनी पाहिली होती. तरी चूळ पडली की पाऊल मागं, आणि गिळलं की रांग. मला बापूसाहेबांइतकीच या रांगेची शिसारी यायची.

माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत गयाबाईनं हॉटेल टाकलं ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर काही वर्षांनी. गयाबाई बौद्ध वस्तीतली. ठरावाच्या वेळच्या दंगलीत वस्तीतल्या कडब्याच्या गंजी पेटल्या होत्या, तिच्या घराच्या छपराचं आढं अर्धं जळलं होतं. नवरा पूर्णेला रूळ दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये होता, सुट्टीला यायचा. ही इतकी वर्षं बापूसाहेबांच्याच रानात निंदणी-खुरपणीला जायची. एक दिवस तिनं चूल मांडली, चार पत्रे उभे केले आणि भजे तळायला बसली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "टेलरदादा, खुरपं पार आढ्याला खोसून आले. आता मेले तरी कुणाच्या रानात जायची न्हाई."

भजे लय भारी. मुगाचे, वर मिरची तळून. आधी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आले, मग मास्तर लोक, मुसलमान वस्तीतली माणसं, गाडीची वाट बघणारे. हळूहळू गावातली तरणी पोरंही यायला लागली. पोरं नामांतरावर तावातावानं भांडायची, नाव द्या आणि नाव देऊ नका, दोन्हीकडची, पण भजे एकाच कढईतले खायची. बापूसाहेब लांबूनच म्हणायचे, "नाव बदलून काय चव बदलती का?" आणि स्वतःच हसायचे.

खुरपणीचे दिवस आले तसा त्यांचा गडी निरोप घेऊन आला, "बापूसाहेबांनी रानात बोलावलंय."

"त्यान्ला म्हणावं, भजे तळायलेय," गयाबाई म्हणाली.

हे झालं आणि त्याच बाजाराला बापूसाहेब गयाबाईच्या हॉटेलसमोर येऊन उभे राहिले. रस्त्याच्या पलीकडं. पत्र्याच्या सावलीलासुद्धा आले नाहीत. काही मागितलं नाही, कशाला हात लावला नाही. तांब्या उचलला, गाल फुगवले, खळाखळा केलं आणि तिच्या चुलीच्या दिशेनं पिचकारी टाकली.

मी कात्री हातात धरून बघत राहिलो. अरे, खाल्लं काय या माणसानं? तोंडात काय होतं थुंकायला?

पण बाजाराला एवढा विचार कशाला! चूळ पडली ना? दुसऱ्या बाजारापर्यंत "भज्यात आळ्या" झाल्या. तिसऱ्यापर्यंत "तेल मढ्याचं" झालं. असल्या घाणेरड्या गोष्टी लोकांना सुचतात कशा मला समजत नाही. एक ओळखीचा माणूस, जो आदल्या आठवड्यात तिथं बसून दोन प्लेट खाऊन गेला होता, तोही मला म्हणाला, "मला तवाच वास आलता." अरे, मग दुसरी प्लेट का मागितलीस भडव्या?

गयाबाईचा घाणा दुपारपर्यंत थंड पडायला लागला. गडी पुन्हा आला. "बापूसाहेब म्हणायलेत, हाटेल न्हाई चाललं तर रान हाय."

तिसऱ्या बाजाराला बापूसाहेब पुन्हा पलीकडं उभे राहिले आणि पिचकारी टाकली. तशी गयाबाई झारा हातात घेऊन बाहेर आली. मला वाटलं आता हाणते. पण तिनं पदर नीट केला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी अदबीनं विचारलं, "बापूसाहेब, भजे कसे व्हते?"

"काय?"

"चूळ भरलीत न्हवं तुमी? म्हंजी खाल्लेच असतील. मीठ कमी पडलं का मिरची?"

आसपासची माणसं थांबली. बापूसाहेबांच्या मिशीवर अजून पाण्याचे थेंब होते.

"मी? तुझ्या हातचं?"

"मग? तुमी खाल्ल्याबिगर कधी थुंकत न्हाई, सगळ्या बाजाराला मालूम हाय. आज इतकी वर्सं झाली. का न खाताच थुंकलात?"

काय फजिती झाली सांगू! खाल्लं म्हणावं तर भावकीत तोंड दाखवायची सोय नाही. न खाता थुंकलो म्हणावं तर सरकारी शिक्का खोटा. बापूसाहेब तांब्या घेऊन चालायला लागले. मला एवढा आनंद झाला की मशीनचा पट्टा निसटेपर्यंत पाय हाणला.

माझा आनंद आठवडाभरही टिकला नाही. कारण गावानं काय अर्थ काढावा? न खाता थुंकले, म्हणजे लबाड आहेत, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाव म्हणालं, बापूसाहेबांनी तिच्या हातचं खाल्लं! जिलबीवाल्यानं तर जुना सूड काढला. "मी बघितलं ना, द्रोण हातात व्हता," म्हणून शपथा खाल्ल्या. पुढं मागच्या दारानं पुडा जातो, मग बापूसाहेबांचं तिच्याकडं खातंच आहे, असं वाढत गेलं. खी खी करून हसायचे लोक. आणि याचा तोटा पहिला कुणाला? गयाबाईला! तिच्या पत्र्याखाली कुणी बसलं की पोरं ओरडायची, "आला बघा, आणखी एक बापूसाहेब!" बदनामी बापूसाहेबांची होत होती, पण ती कशाची? तिच्या हातचं खाल्ल्याची. जे चार जण येत होते तेही थांबले.

गयाबाई मला म्हणाली, "टेलरदादा, मी त्यान्ला गुतवायला गेले आन् मीच गुतले की."

ती आता सकाळी एकच घाणा काढायची. आढ्याचं खुरपं मात्र काढलं नव्हतं.

तिकडं एका लग्नात आचाऱ्यानं पहिली वाटी बापूसाहेबांना ओलांडून दुसऱ्याच्या हातात दिली. मी होतो तिथं. बापूसाहेबांचा हात तसाच पुढं राहिला होता. वाईट वाटलं का? नाही, अजिबात नाही. मग त्यांच्या नातीची सोयरीक अडली. गंगाखेडकडची मंडळी होती, सुपारी फुटायची बाकी होती, त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी निरोपच बंद केला.

तेव्हा बापूसाहेब आले. बाजाराचा दिवस नव्हता, दुपारची वेळ, स्टँड रिकामा. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. गयाबाई तिच्या चुलीपाशी, दोन हातांवर. पण बोलणं तिच्याशी नाही, माझ्याशी.

"टेलर, तिला सांगा, बाजारात उभं राहून सांग म्हणावं, बापूसाहेबांनी माझं खाल्लं न्हाई."

"ती इथंच आहे की. तुम्हीच सांगा."

"तुमी सांगा."

गयाबाईनं तिकडूनच उत्तर दिलं, "मी कधी म्हणले खाल्लं म्हणून? मी इचारलं व्हतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय तुमच्याकडं."

बापूसाहेबांनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सांगते की बाजारात," गयाबाई म्हणाली. "पण खाल्लं न्हाई म्हणले तर लोक इचारतील, मग थुंकले कशाला? त्यान्ला काय सांगू? बापूसाहेब लबाड हायती, न खाताच थुंकतात, माझ्या भज्याची खोटी बदनामी केली, असंच सांगावं लागंल. दुसरं काय हाय?"

मला वाटलं आता हा माणूस उठून जाणार. आयुष्यभर त्या जुबानीवर मिरवला. जिलब्या खाल्ल्या, माणसं उठवली, बसवली, सगळं त्या एका शिक्क्यावर. तो शिक्का खोटा होता असं भर बाजारात एका बाईच्या तोंडून ऐकून घेणार? मी तर मनात म्हणालो, बरी कोंडी केलीस बाई.

बापूसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. चेहरा खुलला त्यांचा! मला म्हणाले, "तसं सांग म्हणावं. लबाड म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण खाल्लं न्हाई, हे नीट सांग म्हणावं. दोनदा सांग."

आणि कोट झटकून उठले.

गयाबाईनं झारा कढईत ठेवला. मला तिच्याकडं बघवेना. मग म्हणाली, "ऐकलं का टेलरदादा? लबाडीपरीस माझा हात घाण हाय त्यान्ला."

तोंडात शिवीच येत होती आणि ऐकायला तो माणूस तिथं नव्हता.

पुढच्या बाजाराला गयाबाईनं सांगितलं. चुलीपुढं उभी राहून, खणखणीत. "बापूसाहेबांनी माझं भजं खाल्लं न्हाई. कधीच खाल्लं न्हाई. न खाताच थुंकले. माझे भजे चांगले हायती, ते लबाड बोलले." बापूसाहेब पलीकडं उभे राहून ऐकत होते आणि मान डोलवत होते. आणि गाव काय म्हणालं असेल? "आसं व्हय! मग काय हरकत न्हाई." एकानं तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हातारी माणसं म्हणाली, आम्हाला वाटलंच होतं, बापूसाहेब असलं करणार नाहीत.

खोटं थुंकल्याचं कुणालाच काही वाटलं नाही. शी, शी!

गयाबाईच्या हॉटेलला मात्र त्यानं गुण आला. आळ्या नाहीत, तेल चांगलं, हे आता खुद्द बापूसाहेबांसमोर ठरलं होतं. आधी ड्रायव्हर परत आले, मग मास्तर, मग पोरं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या साली तिनं पत्रे काढून पक्कं छत घातलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. रानात ती पुन्हा कधी गेली नाही. पण बापूसाहेबांचं नाव निघालं की पाठ फिरवून कढईकडं बघायची. मी तो विषय तिच्यापुढं कधी काढला नाही.

तिकडं गयाबाईच्या त्या सांगण्यानंतर गंगाखेडची सोयरीक पुन्हा जुळली आणि बापूसाहेबांच्या नातीचं लग्न लागलं. लग्नाचे कपडे माझ्याकडंच होते, त्यामुळं आमंत्रण होतं आणि जावं लागलं. गंगाखेडची मंडळी, गावातली मंडळी, पंगत लांबच लांब. मी पत्रावळीपुढं बसलो. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी वाढून झाली होती, वाफा येत होत्या, पण कुणी घास उचलेना. आचारी वाटी घेऊन येत होता. तो सरळ बापूसाहेबांपुढं गेला आणि वाकला.

बापूसाहेबांनी वाटी घेतली. हुंगली. डोळे मिटले. अख्खी पंगत त्यांच्या तोंडाकडं बघत होती. व्याही तर हात जोडून उभा. ते चावत होते, गाल हलत होते, आणि मी पत्रावळ पुढं सरकवली. मग त्यांनी गिळलं.

"चाललंय," म्हणाले.

एकदम सगळ्यांचे हात पत्रावळीकडं गेले. मी तसाच उठलो. चपला शोधायला वळलो तर मागून बापूसाहेबांचा आवाज आला. तांब्या मांडीशी धरून बसले होते आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं प्रेमानं म्हणाले, "बसा टेलर, बसा. असं पानावरून उठू न्हाई. अन्नाचा अपमान होतो."

आणि पंगतीतली दहा-वीस माणसं माझ्याकडं बघून "खरंय, खरंय," म्हणाली.